लाईट जाऊन आल्यावर नेटफोन मुका झाला, तर

भाऊ, नेट चालू आहे, ॲडॅप्टरचा (साधा फोन इंटरनेटला जोडणाऱ्या डबीचा) पॉवरचा दिवा लागतो, पण फोनचा दिवा विझलेला, आणि हे सगळं रात्री लाईट दोनदा गेल्यानंतर झालं, असं तुम्ही म्हणता. आमच्याकडे परभणीत मागच्या उन्हाळ्यात अगदी असंच झालं होतं. आई पुण्यातल्या बहिणीशी त्याच फोनवर बोलते, म्हणून जीव टांगणीला लागला होता.

ॲडॅप्टर फॅक्टरी रीसेट करू नका! त्यात कंपनीने भरलेलं युजरनेम-पासवर्ड पुसलं जातं आणि मग खरा त्रास सुरू होतो.

आधी राउटर आणि ॲडॅप्टर दोन्ही बंद करा. राउटर लावून नेट पूर्ण येऊ द्या, मगच ॲडॅप्टर लावा. लाईट आल्यावर दोन्ही एकदम सुरू होतात, राउटरला वेळ लागतो आणि ॲडॅप्टरला आयपी पत्ताच (नेटवर्कवरचा त्याचा क्रमांक) मिळत नाही. ॲडॅप्टर ग्रँडस्ट्रीम कंपनीचा असेल तर हँडसेटवर *** (तीनदा स्टार) आणि मग 02 दाबा, पत्ता ऐकू येतो. सगळे शून्य ऐकू आले तर दोष केबलचा किंवा राउटरचा.

पत्ता मिळूनही नोंदणी होत नसेल, म्हणजे ॲडॅप्टर फोन कंपनीच्या सर्व्हरशी जोडला जात नसेल, तर राउटरमधलं 'एसआयपी एएलजी' (नेटफोनच्या संदेशांत फेरफार करणारी सोय) बंद करा. राउटर रीसेट झाला की ते पुन्हा चालू होऊ शकतं, आणि 5060 पोर्टवरचे नोंदणीचे संदेश बिघडवतं. आमचं घोडं इथेच अडलं होतं.

डायल टोन आला म्हणजे लाइन चालू झाली असं समजू नका, तो ॲडॅप्टर स्वतःच तयार करतो. आणि दोन्ही वस्तू इन्व्हर्टरवर घ्याच.