इ-बस हव्यातच, पण चार्जिंग दुपारी आणि स्टॉपवर सावली

इथल्या चर्चेत एकाने लिहिलंय की इ-बस आल्या की जळगावची वाहतूक कार्बनमुक्त झालीच. बस हव्यातच! पण रात्री डेपोत चार्ज केल्या तर वीज मुख्यतः कोळशाचीच येणार. भुसावळजवळचं दीपनगरचं औष्णिक वीज केंद्र कशावर चालतं ते आपण रोज बघतो. उलट शेजारच्या धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात महानिर्मितीचा (राज्याच्या वीजनिर्मिती कंपनीचा) १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प आहे, ब्राह्मणवेलला पवनचक्क्या आहेत. ऊन तर आपल्याकडे रग्गड. मग डेपोच्या छपरावर पॅनल टाका आणि दुपारी गर्दी ओसरते तेव्हाचं चार्जिंग वेळापत्रकातच धरा.

आणि स्टॉपपर्यंत माणूस पोचणार कसा, यावर कुणीच बोलत नाही. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास. अजिंठा चौफुलीवर बघा, डोक्याला रुमाल गुंडाळलेली माणसं टपरीच्या हातभर सावलीत दाटीवाटीने रिक्षाची वाट बघत असतात. तिथे शेड नाही, कडुनिंब नाही, तर लोक दुचाकीच काढणार. त्यांना बोल कसा लावायचा? महापालिकेच्या बजेटमध्ये बसच्या रकमेशेजारीच फूटपाथ आणि झाडांची रक्कम दिसायला हवी. एमआयडीसीच्या शिफ्ट सुटतात त्या वेळेला फेऱ्या ठेवल्या तर पहिल्या महिन्यापासून बस भरून जातील.