कलर डॉपलर नॉर्मल, मग बबल टेस्ट कशाला?

"कलर डॉपलरमध्ये छिद्र दिसलं नाही, मग पक्षाघातानंतर पुन्हा बबल टेस्ट कशाला?" हा प्रश्न रास्त आहे, पण त्यावर दिलं जाणारं 'पैसे काढायला' हे उत्तर पटलं नाही. कलर डॉपलर म्हणजे इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) रक्ताचा प्रवाह रंगात दाखवणारी तपासणी; आणि छिद्र हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्यातलं, ज्यातून गुठळी मेंदूकडे जाऊन पक्षाघात होऊ शकतो. जन्मानंतर न मिटलेलं हे छिद्र, फोरामेन ओव्हेल (साधारण चार प्रौढांत एकाला असतं) म्हणजे उघडं भोक नव्हे, सैल झडपेसारखं पाखं, एरवी टेकलेलं. त्यातून अधूनमधून जाणारं थोडंसं रक्त कलर डॉपलरच्या नजरेतून सहज निसटतं.

बबल टेस्टमध्ये ९ मिली सलाइन आणि १ मिली हवा दोन सिरिंजमध्ये मागेपुढे घुसळून हाताच्या शिरेतून देतात. हृदयाची उजवी बाजू पांढरीशुभ्र दिसते. हे बुडबुडे फुप्फुसात गाळले जातात, म्हणजे डावीकडे दिसायलाच नकोत. तीन ठोक्यांच्या आत दिसले तर वाट बहुधा हृदयातच. बरेच उशिरा आले तर संशय फुप्फुसातल्या रक्तवाहिन्यांवर.

खरी मेख कुंथण्यात आहे. जोर लावून झटकन सोडला की उजवीकडचा दाब क्षणभर वरचढ होतो आणि पाखं उघडतं. घशातून नळी घालून केलेल्या इकोत चित्र झकास, पण गुंगीतला माणूस कुंथणार कसा? म्हणून छातीवरून, नीट जोर लावून घेऊन केलेली टेस्ट आधी व्हावी, असं माझं मत.