महाप्रसादाचं मीठ: पोल बंद करा, चव घेऊन ठरवू

कुलकर्णी काकू (ए-२०४): देशपांडे, महाप्रसादाला कमी सोडियमचं मीठ वापरायचं हे पोलवर ठरणार? ‘आरोग्यदायी मीठ हवं का?’ असं विचारल्यावर नाही कोण म्हणेल?

देशपांडे (सचिव): काकू, मागच्या वेळी ऐनवेळी आक्षेप आला, म्हणून यंदा आधीच विचारलं. बहुमत हो म्हणतंय.

नाईक काका (बी-१०१): सैंधव वापरा. नैसर्गिक आहे.

डॉ. पाटील (बी-४०३): कमी सोडियमच्या मिठात सोडियम क्लोराइडचा काही भाग कमी करून पोटॅशियम क्लोराइड घालतात. किडनीचा विकार असेल, किंवा स्पायरोनोलॅक्टोन, टेल्मिसार्टन, रामिप्रिल अशा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर रक्तातलं पोटॅशियम वाढून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. पंगतीत गोळ्यांची यादी विचारणार का?

देशपांडे (सचिव): पण मॅडम, चीनमधल्या मोठ्या अभ्यासात फायदा दिसला ना? लिंक मीच टाकली होती.

डॉ. पाटील (बी-४०३): दिसला. ६०० गावं, जवळपास २१ हजार लोक, ७५ टक्के सोडियम क्लोराइड आणि २५ टक्के पोटॅशियम क्लोराइड, पक्षाघात १४ टक्क्यांनी कमी. निष्कर्ष २०२१ मध्ये आले. पण गंभीर किडनी विकार असलेल्यांना त्यात घेतलंच नव्हतं. त्यांच्यासाठी तो आकडा लावता येत नाही.

रोहन (सी-१०२): काकूंच्या आमटीत मीठ कुठलंही असो, दुसरी वाटी लागतेच 😄

कुलकर्णी काकू (ए-२०४): कोजागिरीची पातेली कोणी घासली ते आठव आधी.

नाईक काका (बी-१०१): सैंधवाचं कोणी बोलतच नाही.

सावंत (सी-५०३): काका, सैंधवही जवळपास सगळं सोडियम क्लोराइडच. वर आयोडीन घातलेलं नसेल तर तेही मिळत नाही.
देशपांडे, आवड पोलवर कळत नाही, कारण कोणी चाखलेलंच नसतं. त्रिकोण चाचणी करा. एकाच पातेल्यातलं बिनमिठाचं वरण दोन भागांत वाटा. दोन्हींत वजनकाट्यावर मोजून सारखंच मीठ, लिटरला ८ ग्रॅम, एकात साधं, दुसऱ्यात नवं. प्रत्येकाला तीन वाट्या: दोन एकसारख्या, एक वेगळी (वेगळी कधी साध्या मिठाची, कधी नव्या). वाट्यांवर तीन आकडी कोड, मांडणीचे सहाही क्रम सारख्या संख्येने, मध्ये साध्या पाण्याची चूळ. प्रश्न एकच: वेगळी कुठली? ३० जणांत नुसत्या अंदाजाने १० बरोबर येतात. निदान १५ आले तरच फरक कळतोय म्हणायचं.

रोहन (सी-१०२): आणि आवडली का ते?

सावंत (सी-५०३): तो वेगळा प्रयोग, दुसरे लोक घेऊन. फरक शोधायला लावलेल्या माणसाला लगेच आवड विचारली की उत्तर बिघडतं. आणि वरण सगळ्यांचं सारखंच गरम हवं, एकाचं निवलेलं असेल तर तापमानच ओळखलं जातं. फसतं बहुतेक इथेच.

डॉ. पाटील (बी-४०३): पोटॅशियमचं मीठ खारटपणाला कमी पडतं, किंचित कडवट लागतं. म्हणून आचारी मूठभर जास्त टाकतो आणि फायदा तिथेच संपतो.

नाईक काका (बी-१०१): सैंधव उपवासाला तरी चालेल ना?

देशपांडे (सचिव): काका, चालेल. पोल बंद करतो. चाचणीसाठी चाखणाऱ्यांनी नावं द्या. किडनीचा त्रास किंवा वरच्या गोळ्या असणाऱ्यांनी देऊ नका. यंदा महाप्रसादाला साधं आयोडीनयुक्त मीठच, मोजून. काकू, वरण तुमच्याकडे?

कुलकर्णी काकू (ए-२०४): करते. वजनकाटा सावंतांनी आणावा.