मदत हवी आहे: कॉलेज फुटबॉलमध्ये रनिंग गेमचा खरा दम कसा ओळखायचा?

अमेरिकन कॉलेज फुटबॉलबद्दल विचारतोय, आपल्या पायाने खेळायच्या फुटबॉलबद्दल नाही. ऑफिसातल्या पैजेसाठी दर आठवड्याला संघांचा रनिंग गेम (चेंडू हातात घेऊन धावत यार्ड मिळवणं) तोलतो आणि दर आठवड्याला तोंडावर आपटतो.

सुरुवातीला नुसती दर धावेमागची यार्डांची सरासरी बघायचो. मग कळलं, कॉलेजात क्वार्टरबॅक (पास फेकणारा मुख्य खेळाडू) सॅक झाला, म्हणजे पास फेकण्याआधीच मागे पाडला गेला, की ते गमावलेले यार्ड रनिंगमधून वजा होतात (एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये पासिंगमधून). आता सॅक बाजूला काढतो. तरी फसगत होतेच: २० धावांत १२० यार्ड, म्हणजे सरासरी ६. झकास! पण त्यातली एकच धाव ७० ची. उरलेल्या १९ मिळून ५०. म्हणून सक्सेस रेटही (यशस्वी धावांची टक्केवारी) काढून पाहिला. धाव यशस्वी कधी? पहिल्या डाउनला (१० यार्डांसाठीच्या चार प्रयत्नांपैकी पहिल्याला) हव्या असलेल्या यार्डांपैकी निम्मे, दुसऱ्याला ७० टक्के, पुढे पूर्ण. हा बराच बरा वाटला.

आर्मी-नेव्हीसारखे ऑप्शन (चेंडू कुणी न्यायचा ते ऐन चालीत ठरवणं) खेळणारे संघ सध्या सोडून द्या, त्यांचं गणितच वेगळं. पैसे भरून घ्यायची आकडेवारी नको. फुकटचा प्ले-बाय-प्ले (प्रत्येक चालीची नोंद) आणि एक्सेल आहे.

अडलंय इथे: पाच-सहाच सामने झालेले असताना, त्यातले दोन लिंबूटिंबू संघांशी, प्रतिस्पर्ध्याच्या बचावाचा हिशेब सक्सेस रेटमध्ये कसा धरायचा? आणि सामन्याचा निकाल जवळपास ठरून गेल्यावरच्या धावा किती गुणांच्या आघाडीपासून वगळता?