खाण बंद झालेल्या गावात घर घ्यावं का? राहिलेल्यांनी, घेतलेल्यांनी अनुभव सांगा

2019 च्या ऑगस्टमध्ये आमच्या कोल्हापुरातल्या घरात छातीइतकं पाणी होतं. राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी 43 फूट, आणि पंचगंगा तेव्हा 55 च्या वर गेली होती. घर धुतलं, वाळवलं, रंगवलं. 2021 च्या जुलैत पुन्हा तेच. तेव्हापासून सासूबाई पावसाळ्यात नीट झोपत नाहीत. रात्री उठून पायरीवर बॅटरी मारून बघतात.

म्हणून उंचावर घर शोधतोय. राधानगरी तालुक्यात एक मनात भरलंय. जांभ्याच्या भिंती, वर कौलं, पुढं सोपा, मागं परडं आणि परड्यामागं पठार. त्या पठारावर बॉक्साइटची खाण होती, ती बंद झालीय. किंमत आमच्या आवाक्यातली आहे. ती इतकी कमी का, यावर एजंट फक्त "गाव आत आहे ना" एवढंच म्हणतो. अशा गावात जे वाढले, सून म्हणून गेले, ज्यांनी घर घेतलं किंवा विकलं, त्यांनी मोकळेपणानं लिहा. चांगलं-वाईट दोन्ही हवंय.

चंदगड तालुक्यातली माहेरवाशीण

ताई, घर बघायला पावसाळ्यात जाऊ नका. तेव्हा सगळंच हिरवंगार असतं आणि माणूस भुलतो. मे महिन्यात जा, आणि घराआधी झरा बघा.

आमच्या माहेरच्या डोक्यावर सडा होता, म्हणजे जांभ्याचं उघडं पठार. जांभ्याचा थर भोकाभोकांचा असतो. चार महिने पडलेला पाऊस तो पोटात घेतो आणि पायथ्याच्या झऱ्यातून वर्षभर थोडा थोडा सोडतो. बॉक्साइट याच थराच्या पोटात असतं. ते काढायचं म्हणजे वरचं कवच फोडायचं, म्हणजे पाण्याची टाकीच फोडायची. माझ्या लहानपणी आमचा झरा वळीव येईपर्यंत चालायचा; आई भर उन्हाळ्यात तिथं गोधड्या धुवायची. खाण सुरू झाल्यावर तो शिमग्यापर्यंत यायला लागला, आणि माझ्या लग्नाच्या वर्षी संक्रांतीलाच आटला. खाण बंद होऊन इतकी वर्षं झाली, पण झरा काही पूर्वीसारखा झाला नाही.

दुसरं, पहिल्या पावसात ओढ्याला येणारं लाल पाणी. आमच्या खालच्या दोन वाफ्यांत तांबडा गाळ बसला. वडिलांनी तो तीन उन्हाळे पाटीनं काढला. भात येतं आता, पण पूर्वीच्या वाफ्याचं नाही.

सड्यावर श्रावण-भाद्रपदात सीतेची आसवं फुलायची, जांभळीगर्द. खणलेल्या भागात नंतर माती टाकून झाडं लावली. झाडं जगली, सावलीही झाली. ती फुलं मात्र तिथं परत आली नाहीत. त्यांना खडकावरची बोटभर माती आणि सततची ओल लागते, ती आता तिथं कुठून येणार?

एक मात्र खरं सांगते. डांबरी रस्ता आमच्याकडं खाणीमुळंच आला आणि माझ्या भावाचं पहिलं घर खाणीच्या पगारावर उभं राहिलं. त्यामुळं गावात खाणीला शिव्या देणारी आणि तिची आठवण काढणारी माणसं एकाच घरात भेटतील.

बॉक्साइटच्या गाडीवर अकरा वर्षं

किंमत कमी का, ते मी सांगतो. मी ह्या भागातनं बेळगावला माल न्हेत होतो. दिवसाला दोन खेपा झाल्या तर देव पावला. त्या टायमाला गावात तीन हॉटेलं, पंक्चरवाला, खानावळ, भाड्याच्या खोल्या, समदं होतं. खाणीवरच्या लोकांसाठनं लोकांनी कर्ज काढून खोल्या बांधल्या. खाण थांबली आणि सा म्हयन्यात हॉटेलं गेली. पोरं कोण गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत, कोण गोव्याला, कोण पुण्याला. खोल्यांस्नी कुलपं. म्हणून घरं स्वस्त हाईत, घरात खोट हाय असं नव्हं.

तुमी जाणार असाल तर एस्टीचं टायमिंग बगा. मुक्कामाची गाडी येती का ते इचारा. म्हाताऱ्या माणसाला रातीला दवाखान्यात न्यायचं झालं तर काय, त्याचा इचार आदी करा. रस्ता डंपरांसाठनं केलेला. डंपर गेले तशी डागडुजी बी गेली.

भुदरगड तालुक्यात 2022 ला घर घेतलं

मी कागदांबद्दल लिहिते, कारण आम्ही तिथंच अडकलो.

घर गावठाणात होतं. विकणाऱ्यानं ग्रामपंचायतीचा नमुना 8 चा उतारा दाखवला आणि "हेच मालकीचं" म्हणाला. तो घरपट्टीचा उतारा आहे, त्यानं मालकी सिद्ध होत नाही. 2020 पासून स्वामित्व योजनेत गावठाणांची ड्रोननं मोजणी सुरू झाली आणि मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) मिळायला लागल्या. आमच्या गावाची मोजणी झाली होती, पण पत्रिकेवर विकणाऱ्याबरोबर त्याच्या मुंबईच्या दोन चुलत भावांची नावं. त्यांच्या सह्या मिळवायला चार महिने गेले. गावठाणातलं घर म्हणून बँकेनं कर्ज नाकारलं, शेवटी जास्त व्याजानं पतसंस्थेतून घेतलं.

परड्याचा तुकडा शेतजमिनीत. कुळकायद्याच्या कलम 63 नुसार शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेता येत नाही. माझ्या नवऱ्याच्या नावावर करवीरमध्ये वडिलोपार्जित जमीन होती म्हणून निभावलं. तुकडेबंदीचं (जमिनीचे लहान तुकडे विकण्यावरच्या बंधनांचं) काय, जमीन भोगवटादार वर्ग 1 आहे की 2, हेही वकिलाकडून बघून घ्या. वर्ग 2 असेल तर परवानगीशिवाय व्यवहार करू नका.

खाणीच्या गावातली खास गोष्ट म्हणजे सातबाऱ्यावरचा 'इतर हक्क' रकाना. आमच्या तुकड्यावर खाणपट्ट्याची (खाणीसाठी दिलेल्या भाडेपट्ट्याची) जुनी नोंद तशीच होती. खाण बंद, मुदत संपलेली, पण नोंद जिवंत. ती कमी करून घ्यायला चौदा महिने हेलपाटे घातले. शिवाय डंपरचा जुना रस्ता परड्याच्या कोपऱ्यातून गेलेला, आणि गाव आजही त्यावरून गुरं नेतं. तो आम्ही बंद केला नाही. वहिवाट मोडून गावात राहता येत नाही. आणि मोजणी करून घ्याच. आमच्या दोन बाजूंचे हद्दीचे दगड खणताना गेले होते; आधीचा मालक अंदाजानं आंब्याचं झाड दाखवत होता.

मालकीचा 30 वर्षांचा शोध अहवाल, सगळे फेरफार आणि मोजणीचा नकाशा हातात आल्याशिवाय विसारसुद्धा (आगाऊ रक्कम) देऊ नका.

शिये-टोपच्या बाजूला, दगडाच्या खणीजवळ

आमची खाण काळ्या दगडाची, पण दुखणं तेच. सुरुंगांनी भिंतींना पडलेल्या तिरप्या भेगा गिलाव्याखाली लपवून घर विकतात. नवीन रंग दिसला की नारळानं भिंत ठोकून बघा. सोडलेल्या खणीत पाणी साठतं. कोल्हापूरकरांना त्याचं वावडं नाही. रंकाळाही मूळचा खणच म्हणतात, आणि इराणी खणीत तर आपण गणपती सोडतो. पण सोडलेल्या खणीला पायऱ्या नसतात, काठ सरळ तुटलेला, खोली कळत नाही. आमच्या आळीतला नववीतला मुलगा पोहायला उतरला, तो वर आला नाही. मुलं लहान असतील तर खणीला कुंपण आहे का, हे पहिल्या भेटीत बघा.

जांभ्याचं काम करणारा गवंडी

जांभ्याचं घर चांगलं. चिरा काढताना मऊ असतो आणि वारा लागला की कठीण होतो. सिमेंटचा जाड गिलावा चढवलेला असंल तर ओल आत कोंडती, चुना बरा. भिंतीचा खालचा हातभर भाग नखानं खरवडून बघा, भुगा पडला तर सोडून द्या. आणि एक. खाणीतली नको असलेली माती कुठं टाकलीय ते बघा. तो ढीग घराच्या वरच्या अंगाला असंल आणि त्यावर झाडोरा नसंल, तर मी तिथं घर घेणार नाही. माळीण गाव दरडीखाली गेल्यापासून मी आधी वरचा डोंगर बघतो, मग जोतं.

माजी सरपंच, शाहूवाडी तालुका

खाण कायद्याच्या 2015 च्या दुरुस्तीनंतर जिल्हा खनिज प्रतिष्ठान आलं. खाणवाल्यांच्या रॉयल्टीच्या प्रमाणात त्यात पैसा जमा होतो आणि तो पिण्याचं पाणी, आरोग्य, शाळा अशा कामांना बाधित गावांत खर्च करायचा असतो. घर घेण्याआधी ग्रामपंचायतीत विचारा: गाव बाधितांच्या यादीत आहे का, त्यातून नळपाणी झालं का, योजनेची विहीर कुठं आहे? आमच्या गावात ग्रामसभेत लोक उठून बोलले म्हणून टाकी झाली. बाहेरून आलेल्या घरांनीही ग्रामसभेला यावं, एवढीच विनंती.

राधानगरीत सहा वर्षं

आम्ही सुखात आहोत, म्हणून लिहिते. गवे परड्यापर्यंत येतात. नाचणी अर्धी त्यांची, अर्धी आमची. जूनपासून चार महिने कपडे चुलीवर वाळवायचे. वीज गेली की दोन दोन दिवस नाही. पण शेजारच्या आक्का पहिल्याच पावसात वाकळ घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "ओल लागंल बाय, ही खाली घाल." दारात पुराचं पाणी येईल ही भीती गेली. पाणी मात्र उन्हाळ्यात विकतही घेतो, हे लपवत नाही.

धागा काढणारी

सगळ्यांचे मनापासून आभार. एजंटला काल सातबारा, फेरफार आणि मिळकत पत्रिका मागितली, त्यानं दोन दिवसांनी देतो म्हणून सांगितलंय. विसार थांबवलाय. मेच्या दुसऱ्या आठवड्यात सासूबाईंना घेऊन जाणार आहोत. गावातल्या एका काकूंना फोनवर झऱ्याचं विचारलं, तर त्या म्हणाल्या, "या की, माझ्यासंगं घागर घेऊन चला, मग कळंल." मातीच्या ढिगाचं मी विचारलंच नव्हतं. ते आता बघून येते आणि इथंच लिहिते.