ज्यांना आमचे एस्सेल वर्ल्डचे फोटो कोळशाच्या खाणीतले वाटतात त्यांच्यासाठी

चौथी_सीट
परवा बाबांच्या अल्बममधले एस्सेल वर्ल्डचे, म्हणजे गोराईच्या मनोरंजन पार्कचे, २२ फोटो इथे टाकले. पहिला प्रतिसाद 'मेणबत्ती' यांचा: "कोळशाच्या खाणीत काढलेत का? अ‍ॅपमधून उजळून टाका, नाहीतर टाकूच नका." खाली हसणाऱ्यांची रांग. म्हणून हा वेगळा धागा.

तर अहो मेणबत्ती, आमच्याकडे हॉट शॉट कॅमेरा होता. डोळा लावायचा आणि खटका दाबायचा, बाकी काही फिरवायला नाहीच. १०० एएसएचा, म्हणजे भरपूर उजेड लागणारा रोल, ३६ फोटो. त्यातले सहा मावशीच्या डोहाळजेवणात गेलेले, आठ गणपतीसाठी राखीव. उरले २२. लालबागहून निघून बोरिवली, तिथून गोराईची जेट्टी, मग लाँच. आत शिरेपर्यंत ऊन डोक्यावर, टोप्यांखाली सगळ्यांचे चेहरे काळे. खरी मजा दिवे लागल्यावर, पण त्या कॅमेऱ्याचा फ्लॅश दहा-बारा फुटांत संपायचा आणि पाळणा त्याच्या पाचपट लांब. फोटो क्र. १७ बघा. काळोखात दिव्यांची एक कमान आणि खाली लाल डाग. तो लाल डाग म्हणजे मी. मला ती संध्याकाळ अशीच आठवते, काळोख आणि दिवे. हे उजळायचं म्हणजे नक्की काय करायचं?

मेणबत्ती
आरोपी हजर आहे. खाणीचा विनोद मागे घेतो, मुद्दा घेत नाही. वाईट फोटो तो वाईट फोटो. सूर्य पाठीशी घ्या, हे त्या काळी रोल विकणारासुद्धा सांगायचा. आता तीस वर्षं झाली म्हणून चुकीला कला म्हणायचं का?

माझ्या आजीला मोतीबिंदू. आजोबांचा एकच फोटो, तोही असाच काळाकुट्ट, लग्नाच्या मांडवातला. अ‍ॅपने उजळून मोठा करून दिला तर तासभर मांडीवर घेऊन बसली होती. तिला काय सांगू, आजी, काळोख बघ, काळोखातच मजा आहे?

निगेटिव्ह
दोघंही प्रिंटवर भांडताय. रंगीत निगेटिव्ह जास्तीचा उजेड दोन-तीन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) सहज पचवते, कमी उजेड मात्र तिला सोसत नाही. जिथे उजेड पोचलाच नाही तिथली फिल्म जवळजवळ कोरी, काचेसारखी. लॅबचं मशीन ते सावरायला बघायचं, म्हणून काळ्याऐवजी तो राखाडी चिखल आणि त्यात दाणे. अ‍ॅपला तिथे 'सापडत' काही नाही, ते भरतं. जे आहे तेवढं हवं असेल तर मूळ निगेटिव्ह शोधा आणि नीट स्कॅन करून घ्या.

अवांतर: मी माझ्या निगेटिव्ह एका स्टुडिओत दिल्या होत्या. त्याने पट्ट्यांची गुंडाळी करून रबरबँड लावून परत दिल्या. रबरबँड! त्या माणसाशी मी आजही बोलत नाही.

खाडीपार
आमचं बालपण गोराईच्या लाँचवर गेलं म्हणून सांगतो, क्र. १७ एस्सेल वर्ल्डचा नाहीच. जोगेश्वरीच्या फँटसी लँडचा वाटतो.

चौथी_सीट
मी तिथे होतो. लाल शर्ट मीच आहे.

खाडीपार
शर्ट तुमचाच असेल हो. पाळणा कुठला ते विचारतोय.

मिरचीभजी
फँटसी लँड कसं असेल? दिव्यांच्या खाली पाणी चमकतंय, नीट बघा. जोगेश्वरीत पाणी कुठून आणलं? गोराईच आहे, खाडी दिसते.

निगेटिव्ह
ते पाणी नसेल. चिकट पानांच्या अल्बमचा वरचा प्लास्टिक कागद न उचलता मोबाइलने फोटो काढला की अशीच चमक येते.

मिरचीभजी
म्हणजे आता पाणीसुद्धा खोटं?

८:२२_स्लो
गोराईवाल्यांचं नेहमीचंच आहे, कुठलाही पाळणा दिसला की आमचाच. आम्ही गिरगावातून चालत हँगिंग गार्डनला जायचो, समोर म्हातारीच्या बुटात चढायचो आणि परत यायचो. त्याचेही फोटो काळेच. बुटाच्या खिडकीतून सहा मुंडकी, मागे पांढरं आभाळ, चेहरा एकाचाही नाही. कोण कोण ते अजून दिवाळीला भांडून ठरवतो.

खाडीपार
बुटात पाळणा होता का? मग विषय काय, आपण बोलतोय काय?

८:२२_स्लो
विषय काळ्या फोटोंचा आहे. पाळण्याचा तुम्ही केलात.

मेणबत्ती
भांडू नका. क्र. १७ अ‍ॅपमधून काढून खाली टाकला आहे. आता दिसतंय सगळं. आभार नंतर माना.

बोरिवलीची_काकू
अगं बाई, किती सुंदर! आणि मागे सोनेरी घुमट दिसतोय ना? हा तर गोराईचा विपश्यना पॅगोडा! शेजारीच आहे. म्हणजे एस्सेल वर्ल्डच, वाद संपला. पॅगोडाचं उद्घाटन २००९ ला झालं, आम्ही गेलो होतो. म्हणजे फोटो त्यानंतरचा.

खाडीपार
बरं. घुमट दिसतोय खरा. मग मान्य.

चौथी_सीट
काकू, बाबा २००१ ला गेले. २००९ च्या पॅगोडाचा फोटो ते कुठून काढणार?

आणि मेणबत्ती, मूळ फोटोत माझ्या डोक्यामागे काहीही नाही. काळं आहे, काळं. तुमच्या अ‍ॅपने तिथे घुमट उभारला, दिव्यांच्या खिडक्या केल्या आणि लाल डागाला हसरा चेहरा दिला. दात मोजा, वरच्या रांगेतच अठरा आहेत. माझे त्या वयात समोरचे दोन पडलेले होते.

बोरिवलीची_काकू
क्षमस्व. वाईट वाटलं. मला खरंच घुमट वाटला.

मेणबत्ती
ठीक आहे, घुमट अ‍ॅपचा. दातही अ‍ॅपचे. हरलो म्हणा हवं तर. पण तुमची आठवणही जरा तपासा की! काळोखात तुम्हाला एस्सेल वर्ल्ड दिसतं, अ‍ॅपला पॅगोडा दिसला. फरक एवढाच की अ‍ॅप हट्ट धरत नाही.

चौथी_सीट
हे जरा जास्त होतंय. माझ्या वडिलांच्या फोटोबद्दल मला शिकवणारे तुम्ही कोण?

मिरचीभजी
त्यांचा मुद्दा अगदीच टाकाऊ नाही हं. माझा भाऊ वांद्र्याच्या मोत माउलीच्या जत्रेत हरवला होता. आमच्या घरात ही गोष्ट प्रत्येक जण वेगळी सांगतो, आणि एकाच्या गोष्टीत तर हरवलेली मीच आहे.

निगेटिव्ह
गप्पा पुरे. प्रिंटची मागची बाजू बघितली का कोणी? बऱ्याचदा मागे काहीतरी लिहिलेलं असतं. खेचून काढू नका, चिकट पानांचा गोंद प्रिंट फाडतो. दात साफ करायचा बारीक धागा फोटोखालून हळूहळू, करवतीसारखा फिरवा. उखडायला लागला की थांबा, दुसऱ्या कोपऱ्यातून या.

८:२२_स्लो
धागाकर्त्याला धागा. छान.

चौथी_सीट
अर्धा तास लागला. एक कोपरा गेला.

मागे आईच्या अक्षरात, पेन्सिलने: "माहीम, उरूस. नवा शर्ट." बास, एवढंच.

खाडीपार
म्हणजे एस्सेल वर्ल्ड नव्हतंच. मी पहिल्या प्रतिसादात काय म्हणालो होतो?

मिरचीभजी
तुम्ही फँटसी लँड म्हणाला होतात. आणि माहीमला उरुसाचे पाळणे लागतात ते समुद्राच्या बाजूला. पाणी होतं! माझं पाणी खरं होतं!

चौथी_सीट
पाणी द्या त्यांना. आणि हो, एस्सेल वर्ल्डचे २१ धरा. तो शर्ट घालून मी लाँचमध्ये बसलो होतो हे मी शपथेवर सांगितलं असतं. लाँचचा वाससुद्धा आठवतो, डिझेलचा. आता तो कुठल्या दिवसाचा, देव जाणे.

पण अ‍ॅपला माहीम सापडलं नव्हतं, मेणबत्ती. ते आईच्या पेन्सिलीनेच सांगितलं.

मेणबत्ती
मान्य. पेन्सिलीला एक गुण. तुमच्या आठवणीला शून्य, माझ्या अ‍ॅपला शून्य. आजीचा फोटो मात्र मी बदलणार नाही.

बोरिवलीची_काकू
नकोच बदलू रे. पण बघ, आजोबांना दात किती दिलेत.

मेणबत्ती
मोजले नाहीत. मोजणारही नाही.

निगेटिव्ह
मूळ निगेटिव्ह आहेत का, हे अजून कोणी सांगितलेलं नाही. पट्टीवर १७ च्या शेजारी काय आहे ते बघा, रोल कुठला ते कळेल.

चौथी_सीट
आत्ताच आईला फोन केला. म्हणाली, १९९५ च्या ग्रहणाला गच्चीवर नेल्या होत्या, डोळ्यांना लावून बघायला. त्यानंतर कोणी पाहिल्या नाहीत.

निगेटिव्ह
अहो, एवढ्या कमी उजेडाची निगेटिव्ह म्हणजे जवळजवळ काच! त्यातून सूर्य बघितलात? आधी डोळे तपासून घ्या, फोटोंचं नंतर बघू.