पिकअप ६५ च्या पुढे थरथरते; चाके बॅलन्स करूनही फरक नाही

प्रश्न
माझी दीड टनी डिझेल पिकअप दिवसाआड लासलगावहून वाशीच्या बाजारात कांदा घेऊन जाते. गेल्या दीड महिन्यापासून वेग ६५ च्या वर गेला की सीटखालून थरथर सुरू होते आणि ७५ च्या सुमारास ती इतकी वाढते की डॅशबोर्डावर ठेवलेला मोबाइल सरकत सरकत खाली पडतो. स्टिअरिंग मात्र जवळपास स्थिर असते. पुढच्या चाकांचे बॅलन्सिंग दोनदा आणि अलाइनमेंट एकदा करून झाले. आता टायरवाला चारही टायर बदलायला सांगतो आहे. एवढा खर्च करण्यापूर्वी जाणकारांचे मत हवे आहे. दोन महिन्यांपूर्वी क्लचप्लेट बदलली, त्यापलीकडे गाडीचे दुसरे काही काम केलेले नाही.

उत्तर १
स्टिअरिंग स्थिर राहून सीट थरथरत असेल, तर दोष पुढच्या चाकांपेक्षा मागे असण्याची शक्यता अधिक. पिकअपची मागची चाके बॅलन्स करून घेण्याचा कंटाळा बहुतेक जण करतात. मागची बाजू जॅकवर उचलून, खाली स्टँड लावून चाक हाताने फिरवा आणि टायरजवळ खडू स्थिर धरा. टायरला फुगा आला असेल किंवा रिम वाकलेली असेल, तर खडू एकाच जागी घासला जाईल.

उत्तर २
टायरला तूर्त हात लावू नका. आधी सपाट, मोकळ्या रस्त्यावर (घाटात मुळीच नाही) ७५ च्या वेगात गाडी न्यूट्रल करून पाहा. थरथर तशीच राहिली, तर इंजिन, त्याचे माउंटिंग आणि क्लच यांच्यावरचा संशय बराच कमी होतो आणि चाके व प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सची ताकद मागच्या चाकांकडे नेणारा लांब फिरता दांडा) एवढेच उरतात. या दोहोंतला फरक अंगाला कळतो. अशा गाडीचे चाक एका फेरीत साधारण सव्वादोन मीटर जाते, म्हणजे ७२ च्या वेगात ते सेकंदाला नऊ वेळा फिरते आणि त्याचे हादरे सुटे सुटे जाणवतात. शाफ्ट मात्र डिफरन्शियलच्या (मागच्या ॲक्सलमधल्या गिअरपेटीच्या) गुणोत्तरानुसार त्याच्या चौपट किंवा अधिक वेगाने फिरत असल्यामुळे त्याची बारीक भुणभुण होते.

आपण जाता जाता लिहिलेली क्लचप्लेटची गोष्टच मला सर्वांत महत्त्वाची वाटते. क्लचच्या कामासाठी गिअरबॉक्स उतरवताना शाफ्ट सोडवावा लागतो. तेव्हा त्याचा सरकता जोड पूर्ण बाहेर निघाला आणि खूण न पाहता एखाददुसरा दाता चुकवून परत बसवला, तर दोन्ही टोकांचे क्रॉस (शाफ्टला कोनात फिरू देणारे सांधे) एकमेकांची चाल सावरण्याऐवजी बिघडवतात. जोडावर बाणाच्या किंवा ठोकलेल्या ठिपक्यांच्या खुणा असतात; ग्रीस आणि चिखल पुसल्याशिवाय त्या दिसत नाहीत. क्रॉसच्या कपाभोवती तांबूस भुकटी दिसली, तर आतले बारीक रोलर कोरडे पडून गंजले आहेत असे समजावे.

प्रश्नकर्ता
न्यूट्रलमध्येही थरथर कायम राहिली आणि ती भुणभुणच होती. काल गाडी गॅरेजच्या खड्ड्यावर घेऊन जोड डिझेलने धुतला, तेव्हा दोन बाण समोरासमोर नसून बोटभर सरकलेले दिसले. ज्याने क्लचचे काम केले होते त्यालाच बोलावून दाखवले; तो काही बोलला नाही, पण पैसे न घेता जोड नीट बसवून दिला. आज रिकाम्या गाडीने पिंपळगाव बसवंतपर्यंत जाऊन आलो, ७५ ला मोबाइल जागचा हलला नाही. ८० च्या पुढे किंचित कंप अजून आहे.

उत्तर २
मग सेंटर बेअरिंगचे, म्हणजे शाफ्टला मध्ये आधार देणाऱ्या बेअरिंगचे, रबर पाहा. दीड महिना शाफ्ट वेडावाकडा फिरल्यावर ते फाटलेले असण्याचीच शक्यता जास्त. पहारीने शाफ्ट वर उचलला असता बेअरिंग कड्यातून मोकळे हलले, तर पुढच्या खेपेआधी ते बदलून घ्या.